एका एम२० ची कागदपत्रे : युद्धकाळातील बीएसए मोटारसायकलीसाठी दुरुस्ती-पुस्तिका शोधण्याचे प्रकरण

सांगली जिल्ह्यातील एका गावात, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बीएसए कंपनीची एम२० ही मोटारसायकल तीसेक वर्षे उभी होती. त्यांच्या वडिलांनी ती महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोझलमध्ये, म्हणजे नको झालेल्या सामानाच्या लिलावात, घेतली, कित्येक वर्षे तिच्यावरून शेत आणि बाजार केला, आणि सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा पोती टाकून झाकून ठेवली. गाव या गृहस्थांना आबा म्हणते, म्हणून इथेही त्यांचा उल्लेख तसाच करतो. मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो आणि सुट्टीत जुनी ब्रिटिश इंजिने बांधायला मदत करतो. त्या ओळखीतून त्यांचा फोन आला. गाडी दुरुस्त करून द्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. कारखान्यातले पंप आणि टर्बाइन खोलून बसवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला एका सिलिंडरचे इंजिन जड नव्हते. "सर, हात आहेत, हत्यारं आहेत. पण कंपनीनं काय सांगून ठेवलंय ते वाचल्याबिगर मी नट खोलायचा न्हाई," असे ते म्हणाले. त्यांना पुस्तक हवे होते, आणि ते मिळवायला आम्हाला गाडी बांधण्याइतकाच वेळ लागला.

हा शोध कसा चुकला आणि कसा मार्गाला लागला, हे तपशिलाने लिहून ठेवतो आहे. महाराष्ट्रात ज्या काही युद्धकालीन ब्रिटिश मोटारसायकली अजून कुणाच्या परड्यात किंवा वाड्याच्या देवडीत उभ्या आहेत, त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत शोध याच ठिकाणी चुकतो, असा माझा अनुभव आहे.

गाडी आणि तिचे आरसी बुक

बीएसए म्हटले की आपल्याकडे आधी सायकल आठवते. मूळ नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन स्थापन केलेली ही कंपनी, आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह. एम२० हे मॉडेल १९३७ सालासाठी बाजारात आले. एकच सिलिंडर, ८२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ९४ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), ४९६ सीसी, आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नसून बाजूला, म्हणजे साइड व्हॉल्व्ह. वेगाच्या दृष्टीने ही रचना तेव्हाही जुनी मानली जात होती; पण व्हॉल्व्हला हात न लावता हेड काढता येते, कार्बन खरवडून पुन्हा बसवता येते, आणि हे काम रस्त्याच्या कडेला मोजक्या हत्यारांनी होते, म्हणून ती सैन्याला मानवली. युद्धकाळात बीएसएने अशा सुमारे १,२६,००० गाड्या बनवल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथ येथील कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ५३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतरही उत्पादन थांबले नाही. नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३/एल, एरियल डब्ल्यू/एनजी, रॉयल एनफील्ड डब्ल्यूडी/सीओ आणि ट्रायम्फ ३एचडब्ल्यू या तिच्या सोबतिणी. यांतल्या काही ब्रिटिश हिंदी सैन्यासाठी इकडे आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिल्या.

आबांच्या गाडीच्या आरसी बुकात उत्पादनवर्षाच्या रकान्यात १९४८ असे स्पष्ट लिहिलेले होते. पुस्तक शोधताना आबांच्या मुलाने हेच साल धरले, आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटण्यासारखे नव्हते. परदेशातील एका विक्रेत्याकडे १९४८ नंतरच्या एम२० आणि एम२१ या मॉडेलांचे पुनर्मुद्रित दुरुस्ती-पुस्तक होते. ते मागवले गेले, कुरिअरने आले, आणि आबांनी ते चार दिवसांत शब्दकोश घेऊन वाचून काढले.

पाचव्या दिवशी त्यांनी मला पुन्हा फोन केला. पुस्तकातल्या चित्रात पुढचा फोर्क टेलिस्कोपिक होता, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या, तेल भरलेल्या नळ्यांचा. त्यांच्या गाडीला मात्र जुन्या धर्तीचा गर्डर फोर्क होता, ज्यात नळ्यांची चौकट कड्यांवर झुलते आणि मध्ये एकच मोठी स्प्रिंग असते. जवळच्या शहरातील एका मेकॅनिकने सांगितले होते की कुणीतरी मूळ फोर्क काढून हा जुना बसवलेला आहे, आता टेलिस्कोपिक शोधून लावा म्हणजे गाडी ओरिजिनल होईल. आबांचे मन ते घेत नव्हते, कारण वडिलांच्या हयातीत गाडीचा फोर्क कधी बदललेला त्यांनी पाहिला नव्हता.

आबांचे मन बरोबर सांगत होते. डिस्पोझलच्या गाड्यांच्या बाबतीत आरसी बुकातले साल अनेकदा नागरी नोंदणीचे असते, गाडी कारखान्यातून बाहेर पडल्याचे नसते. लष्कराकडून लिलावात घेतलेली गाडी ज्या वर्षी वाहतूक खात्यापुढे उभी राहिली, ते वर्ष कारकुनाने लिहिले. बीएसएने एम२० ला टेलिस्कोपिक फोर्क १९४८ च्या सुमारास दिला. त्यामुळे नेमके १९४८ हेच साल लिहिलेले असल्याने चूक अधिक पटण्याजोगी झाली.

क्रमांक वाचणे

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी, इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. त्या जागी तेल आणि धुळीचा थर इतका घट्ट बसला होता की तो कापूस आणि रॉकेलने निघेना. आबांनी बांबूची चोय तासून तिने तो हळूहळू उकरला, कारण लोखंडी पटाशीने ॲल्युमिनियमवर ओरखडे आले तर अंकही जातील. मग त्या जागेवर पांढरा खडू घासून वरचा पुसून टाकला, म्हणजे खडू खोलगट अंकांत राहतो, आणि बॅटरीचा उजेड अगदी आडवा धरला. डब्ल्यूएम२० ही अक्षरे आधी दिसली, त्यापाठोपाठ आकडे. सांगाड्यावरही डब्ल्यूएम२० होते, पण आकडे वेगळे.

बीएसएच्या त्या काळातल्या क्रमांकांत पहिले अक्षर वर्षाचे असे. एचएम२० म्हणजे १९३७, जेएम२० म्हणजे १९३८, केएम२० म्हणजे १९३९. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत एकच अक्षर चालले, डब्ल्यू, आणि युद्धानंतरच्या गाड्या एक्स या अक्षराने सुरू झाल्या. डब्ल्यूएम२० वाचल्याबरोबर १९४८ चा प्रश्न निकालात निघाला. गाडी युद्धातली होती, फोर्क तिचाच होता, आणि विकत घेतलेले पुस्तक तिच्या धाकट्या बहिणीचे होते.

इंजिन आणि सांगाडा यांचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून आबांचा चेहरा उतरला. जुन्या गाड्यांच्या बाजारात "मॅचिंग नंबर" या शब्दाला फार मान असल्याने लोकांना यात कमीपणा वाटतो. लष्करी गाडीच्या बाबतीत मला ते पटत नाही. सैन्याच्या मोठ्या वर्कशॉपांमध्ये गाड्या एकेक करून दुरुस्त होत नसत. इंजिने एका रांगेत, सांगाडे दुसऱ्या रांगेत, आणि तयार झालेले इंजिन हाताशी येईल त्या सांगाड्यात बसे. न जुळणारे क्रमांक ही त्या गाडीच्या नोकरीची खूण आहे, आणि ती खूण पुसून टाकण्यासाठी अंक घासून नवे ठोकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय पुस्तक शोधण्याचा एकमेव धागाही त्यामुळे तुटतो.

धागा असा. ब्रिटिश युद्धखाते गाड्या करारांनी विकत घेई. प्रत्येक कराराला क्रमांक असे, सुरुवातीच्या काळात सी आणि पुढे एस या अक्षराने सुरू होणारा, आणि प्रत्येक करारातल्या गाड्यांत लहानमोठे फरक असत. सुट्या भागांच्या यादीच्या पहिल्या पानावर ती कोणत्या कराराच्या गाड्यांसाठी आहे हे छापलेले असे. म्हणजे सैन्याच्या दृष्टीने "एम२० चे पुस्तक" अशी एकच वस्तू नव्हती. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो नोंदवून ठेवतो: टाकीवर रंगवलेला सी अक्षराचा लांब आकडा हा कराराचा क्रमांक नव्हे, तो लष्करी गणनेतला गाडीचा क्रमांक, आणि त्यातले सी हे अक्षर मोटारसायकल या वर्गाचे आहे. आबांच्या टाकीवर तो रंगाच्या चार थरांखाली गेला होता, पण सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक हाती असल्याने अडले नाही. अभ्यासकांनी क्रमांकांच्या कोणत्या टप्प्याचा करार कोणता, याचे तक्ते तयार केलेले आहेत. त्यावरून सांगाडा आधीच्या करारातला आणि इंजिन नंतरच्या करारातले, हे ठरले. आम्हाला एक यादी पुरणार नव्हती, दोन लागणार होत्या.

कोणते पुस्तक कशासाठी

"मॅन्युअल" हा एकच शब्द आपण वापरतो, पण सैन्यात कामाची पायरी जशी, तसे पुस्तक वेगळे होते, आणि हे समजेपर्यंत माणूस चुकीची वस्तू मागत राहतो. निरोप्या म्हणून धावणाऱ्या शिपायाला, ज्याला डिस्पॅच रायडर म्हणत, रोज सकाळी काय पाहायचे, चेन किती सैल ठेवायची, कुठे ग्रीस द्यायचे, एवढे सांगणारी माहिती लागे. तुकडीच्या फिटरला हेड काढणे, व्हॉल्व्ह घासणे, क्लचच्या प्लेटा बदलणे इथपर्यंतचे मार्गदर्शन लागे. बीएसए आणि नॉर्टन यांनी या दोन्ही गरजा बऱ्याच अंशी एकाच देखभाल-पुस्तकात भागवल्या. क्रँक वेगळा करणे, बेअरिंग दाबून बसवणे ही कामे मागच्या मोठ्या वर्कशॉपची. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ब्रिटिश सैन्यात रीमी, म्हणजे यांत्रिक आणि विद्युत अभियंत्यांचे स्वतंत्र दल, स्थापन झाले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातही तसे दल उभे राहिले. या दलाच्या तांत्रिक नियमपत्रकांना ईएमईआर म्हणतात. त्यांत कारखान्याच्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी सापडतात: झीज किती झाली की भाग टाकून द्यायचा, कोणता बदल सैन्याने नंतर मंजूर केला, इत्यादी. अशा लष्करी प्रकाशनांत दुरुस्त्या वेगळ्या कागदांवर येत आणि त्या मूळ प्रतीत घातल्याची नोंद कुणीतरी शाईने करून सही करी. म्हणून जुनी प्रत हाती आली तर शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे आधी पाहावे.

आणि चौथी, माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू, सुट्या भागांची सचित्र यादी. लोक तिच्याकडे दुकानदाराची वही म्हणून पाहतात. पण तिच्यात प्रत्येक जोडणी सुटी करून, भाग ज्या क्रमाने एकमेकांवर बसतात त्या क्रमाने काढलेली असते. वॉशर स्प्रिंगच्या आत की बाहेर, पॅकिंग एक की दोन, हे देखभाल-पुस्तक अनेकदा गृहीत धरते. यादीचे चित्र ते दाखवते. भागाचे क्रमांकही बोलतात. २४ ने सुरू होणारे भाग इंजिनाचे, ६६ ने सुरू होणारे बहुतेक सांगाडा आणि त्याभोवतालचे. आबांना इंग्रजी गद्य वाचताना त्रास व्हायचा, यादी वाचताना अजिबात झाला नाही. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंगच वाचली होती.

याशिवाय ही गाडी एकट्या बीएसएची नव्हे. ठिणगी आणि वीज लुकासची, मॅग्नेटो आणि डायनामो एकावर एक बसवलेला मॅगडायनो, ६ व्होल्टचा. कार्ब्युरेटर अमालचा, २७६ या प्रकारचा. स्पीडोमीटर स्मिथ्सचा. या प्रत्येक कंपनीची पत्रके वेगळी, आणि गाडीच्या पुस्तकात त्यांचा मजकूर संक्षेपाने आलेला. इथे एक अनपेक्षित सोय झाली. पुण्यातील एका जुन्या मेकॅनिककडे नॉर्टन १६एचच्या देखभाल-पुस्तकाची झेरॉक्स होती, झेरॉक्सचीही झेरॉक्स, पण वाचता येण्याजोगी. "साइड व्हॉल्व्ह सगळ्या सारख्याच," असे सांगून त्यांनी ती दिली. इंजिनाच्या बाबतीत ते खरे नाही, आणि नॉर्टनचे माप बीएसएला लावून मोडलेली कामे मी पाहिली आहेत. मॅगडायनोच्या बाबतीत मात्र ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण पुरवठादार एकच होता. मॅगडायनोच्या ब्रशची, पॉइंटची आणि गिअरची माहिती आम्ही त्या झेरॉक्समधून घेतली आणि बाकीची पाने बाजूला ठेवली.

ब्रिटनमधील शोध

कंपनीला पत्र लिहावे, तर कंपनी राहिलेली नाही. बीएसएचा मोटारसायकल व्यवसाय १९७३ साली दुसऱ्या समूहात विलीन झाला आणि पुढे स्मॉल हीथचा कारखानाही गेला. बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्र समूहातील क्लासिक लेजंड्सने घेतले, म्हणजे त्या नावाची मालकी आज मुंबईशी जोडलेली आहे, ही गोष्ट आबांना फार आवडली. पण ऐंशी वर्षांपूर्वीची पुस्तके त्या व्यवहारातून मिळतील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. इतर कंपन्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. ट्रायम्फचा कव्हेंट्रीतील कारखाना तर १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यातच उद्ध्वस्त झाला आणि कंपनी १९४२ साली मेरिडेनला गेली.

कागद जपले आहेत ते तिथल्या हौशी लोकांनी. आबांची पुतणी नोकरीसाठी कव्हेंट्रीत राहते. तिने हे काम अंगावर घेतले. बर्टन अपॉन ट्रेंट येथे व्हिंटेज मोटरसायकल क्लब आहे, १९४६ साली स्थापन झालेला, आणि त्याच्याकडे ग्रंथालयाबरोबर अनेक कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. विल्टशायरमधील लायनम येथे रीमीचे संग्रहालय आहे. एकेका बनावटीचे ओनर्स क्लब आहेत, एजेएस आणि मॅचलेस यांच्या मालकांचा क्लब तर या बाबतीत फार शिस्तीचा. पुतणीने सुरुवातीला जी पत्रे पाठवली त्यांत "१९४० च्या दशकातील बीएसए लष्करी मोटारसायकलचे मॅन्युअल हवे आहे" असे लिहिले होते, आणि उत्तरे सौजन्याची पण उपयोग नसलेली आली. मग आम्ही पत्र बदलले. सांगाड्याचा पूर्ण क्रमांक, इंजिनाचा पूर्ण क्रमांक, दोन्ही ठोकलेल्या अंकांची छायाचित्रे, त्यावरून वाटणारे दोन करार, आणि नेमकी मागणी: या दोन करारांसाठीची सुट्या भागांची यादी आणि युद्धकालीन देखभाल-पुस्तक. या पत्राला मिळालेल्या उत्तरांचा सूर वेगळा होता. अशा ठिकाणी काम करणारी माणसे बहुधा वयस्क आणि स्वेच्छेने आलेली असतात. विचारणाऱ्याने आपल्या वाट्याचे काम केले आहे हे दिसले की ती मनापासून कपाट उघडतात.

देखभाल-पुस्तक आणि आधीच्या कराराची यादी पुनर्मुद्रित स्वरूपात मिळाली. नंतरच्या कराराची यादी एका संग्राहकाने स्वतःच्या प्रतीवरून स्कॅन करून पाठवली. पुनर्मुद्रणांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मूळ पुस्तकांत वायरिंगचे चित्र घडी घातलेल्या मोठ्या पानावर असते, आणि घाईने केलेल्या प्रतींमध्ये ते पान घडीसकटच स्कॅन झालेले असते, म्हणजे अर्धे चित्र गायब. आमच्या प्रतीत हेच होते. विकत घेण्याआधी घडीचे पान पूर्ण आहे का, हे विचारून घेणे आणि त्याचा फोटो मागणे यात संकोच करू नये. उरलेला अर्धा भाग त्याच संग्राहकाने दिला.

पुस्तक हाती आल्यावर

पहिला उपयोग टाकीला झाला. आबांच्या टाकीच्या मागच्या भागात एक खोल खोबण होती. घरात सगळ्यांची समजूत अशी की कधीतरी गाडी पडून टाकी चेपली असणार, आणि डेंटिंगवाल्याला ती आतून ठोकून सरळ करण्यासाठी सांगूनही झाले होते. त्याने पुढच्या आठवड्याचा वायदा केला होता. नंतरच्या कराराची यादी उघडल्यावर टाकीच्या चित्रात तीच खोबण दिसली. वाळवंटातील धुळीमुळे इंजिने लवकर झिजत, म्हणून युद्धाच्या उत्तरार्धात टाकीवर व्होक्स कंपनीची मोठी हवा-गाळणी बसवू लागले, आणि तिची नळी कार्ब्युरेटरकडे नेण्यासाठी टाकीच्या पत्र्यालाच जागा ठेवली. आबांनी ते चित्र पाहिले, उठून टाकीवरून हात फिरवला, खोबणीच्या कडांचे दोन्हीकडचे वळण बोटाने मोजून पाहिले, आणि डेंटिंगवाल्याला तिथूनच फोन लावला. सांगाडा आधीचा, इंजिन आणि टाकी नंतरची. वर्कशॉपने जोडलेली गाडी कशी असते ते त्या दिवशी नीट समजले.

पायटांच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांच्या, रबरांचेही तसेच. आबांचा मुलगा कित्येक महिने रबरे शोधत होता. जपानने मलाया आणि सिंगापूर घेतल्यावर, १९४२ साली, ब्रिटनला रबराची टंचाई पडली आणि सैन्याच्या मोटारसायकलींवरून हँडलच्या मुठींचे व पायटांचे रबर गेले. मुठींना कॅनव्हास आणि पायटांना नुसते खाचांचे लोखंड आले. आबांच्या गाडीला असलेली लोखंडी पायटे अपुरी नव्हती, ती पूर्णच होती.

पान्यांचा प्रश्न मात्र पुस्तकाने सोडवला नाही, उलट निर्माण केला. पुस्तकात "पाव इंची पाना" असे असते आणि आपल्याकडचा कुणीही पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा पाना शोधायला लागतो. व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, नटाच्या दोन बाजूंमधील अंतराचा नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर असते, पाच-सोळांशचे ०.६०० इंच, म्हणजे १५.२. तेरा नंबरचा पाना चढत नाही, चौदाचा चढतो आणि नटाचे कोपरे खातो. आबांच्या गाडीवरचे निम्मे नट अशा चौदा नंबरने गोल झालेले होते. आट्यांचेही तसेच: सायकल धाग्याचे, इंचाला २६ आट्यांचे बोल्ट जिथे हवेत तिथे जाडे आटे ठोकून बसवल्याच्या खुणा दोन ठिकाणी सापडल्या. ही पुस्तके शिकून तयार झालेल्या फिटरसाठी लिहिलेली होती. त्याला हे माहीत असणारच, असे धरून ती पुढे जातात. बोल्ट किती जोर लावून आवळावा याचे आकडेही त्यांत सहसा नसतात. वाचताना गॅलन आणि पाइंट ब्रिटिश आहेत, हेही लक्षात ठेवावे लागते. तीन गॅलनची टाकी म्हणजे १३.६ लिटर, मुलाने आधी अमेरिकन तक्त्याने साडेअकरा लिटर काढले होते. व्हॉल्व्हच्या फटीची मापे मात्र आबांना मुळीच अडली नाहीत. इनलेटला १० आणि एक्झॉस्टला १२ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हे वाचून त्यांनी फीलर गेजची दोन पाने वेगळी काढून ठेवली, कारण कारखान्यातही थाऊच चालत असे.

चुकीच्या पुस्तकाचा एक परिणाम मात्र आम्हाला उशिरा कळला. योग्य पुस्तक येण्यापूर्वीच गावातील वायरमनने १९४८ नंतरच्या चित्राप्रमाणे जोडणी करून ठेवली होती, बॅटरीचे धन टोक सांगाड्याला. लुकासने मोटारसायकलींसाठी ही पद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्याआधी ऋण टोक सांगाड्याला असे. इंजिन बंद ठेवून आबांनी हेडलाइट लावला आणि अँपमीटरचा काटा चार्जच्या बाजूला गेला. डायनामो फिरत नसताना बॅटरी चार्ज होत आहे असे काटा सांगत होता. वायरमन मीटर बदला म्हणाला. आबांनी मीटर न काढता दोन्ही पुस्तकांतली चित्रे शेजारी शेजारी ठेवली, बॅटरीची टोके उलटवली, आणि काटा जिथे जायला हवा तिथे, डिस्चार्जकडे गेला. त्या स्थितीत इंजिन सुरू केले असते तर डायनामो आणि बॅटरी एकमेकांवर उलटली असती आणि कटआउटची, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, टोके जळाली असती.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले त्या दिवशी मी तिथे होतो. तिसऱ्या किकला पेट घेतला आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा असा लोट आला की गोठ्यातली जनावरे दावणीला ताणू लागली. मुलाला वाटले, रिंगा चुकल्या. आबांनी इंजिन बंद केले आणि देखभाल-पुस्तकातले वंगणाचे प्रकरण काढले. या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असते. पंपाचा एक गिअर ते आत ढकलतो, दुसरा क्रँककेसच्या तळातून उपसून टाकीत परत पाठवतो. परतीच्या वाटेवर, तळाच्या नळीत, एक छोटी गोळी झडपेचे काम करते. ती चिकटली तर तेल आत जाते आणि परत येत नाही. तेलटाकीचे झाकण उघडून पाहिले तर परतीच्या नळीतून थेंबही पडत नव्हता. तळाची प्लेट उघडल्यावर परातभर तेल आले. आबांनी सायकलच्या आऱ्याचा तुकडा घासून बोथट केला आणि नळीत वर सरकवला. गोळी आधी हलेना, मग टिक असा आवाज आला आणि ती सैल झाली. प्लेट लावली, गाडी पुन्हा सुरू केली, आणि आबा, मुलगा, मी असे तिघे तेलटाकीच्या तोंडाशी वाकून उभे राहिलो. आधी फेस आला, मग करंगळीएवढी धार.

आता तिन्ही पुस्तके आबांनी प्लास्टिकच्या फायलीत एकेक पान सुटे करून लावली आहेत. समासात शिसपेन्सिलीने मराठी टिपणे आहेत. कुठे "ही गोळी दर सहा महिन्यांनी पाहणे", कुठे "या प्रतीत चित्र अर्धे, संग्राहकाचे पान पाहा". जे चुकीचे पुस्तक आधी आले होते ते त्यांनी टाकलेले नाही, पण त्याच्या मुखपृष्ठावर लाल शाईने "आपली गाडी नाही" असे लिहिले आहे.

स्मिथ्सच्या स्पीडोमीटरचे पत्रक अजून मिळालेले नाही. तो शोध चालू असतानाच कोल्हापूरच्या बाजूने एकाचा फोन आला; त्यांच्याकडे आजोबांची मॅचलेस आहे आणि आरसी बुकात १९५० लिहिलेले आहे. मी त्यांना पुस्तक मागवू नका असे सांगितले आणि क्रँककेसवर खडू घासून फोटो पाठवायला सांगितले. फोटो काल आला. सुरुवातीचे ४२ आणि जी३एल वाचता येते. पुढचे आकडे रंगाखाली आहेत, आणि आबा येत्या रविवारी बांबूची चोय घेऊन माझ्याबरोबर येणार आहेत.